सात घरांचा एकच जावई

बरकतपुरा, हैदराबाद
३० ऑक्टोबर १९५६

भामे,

सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल सांग बरं? हिम्मतराव! गाडी दुपारची, आणि हा माणूस सकाळी सातला स्टेशनावर हजर. खांद्यावर मच्छरदाणी, हातात अठरा माणसांची यादी. तीस वर्षं कोर्टात पेशकारी केली, साहेबासमोर लोकांची नावं पुकारली, ती सवय जाते कुठली? आम्ही एकेक पोचलो तसं नाव पुकारून विचारायचे, "हाजिर?" शेजारची जयवंता म्हणाली, "हाजिर आहे, पण गुन्हा काय तो तरी सांगा."

तर मी लंकेला जाऊन आले! दसऱ्याला सोनं लुटलं आणि दुसऱ्या दिवशी सोन्याच्या लंकेला निघाले. काल परतले. अजून जमीन हलते पायाखाली. बाळकृष्णाला कचेरीतून रजा मिळाली नाही. राज्याचे तीन तुकडे होणार म्हणून तिथं कपाटांची वाटणी चाललीय. आता आईला एकटं कसं पाठवायचं, म्हणून त्याने विमलला सोबत दिली. नातीने आजीला सांभाळायचं. सांभाळलं तिनेच, पण मला एकटीलाच नाही, अठराही जणांना.

मंडपमला बोटीच्या आधी डॉक्टर सगळ्यांच्या जिभा बघतो. नामदेवरावांनी जीभ काढली ती आत घेईनात. हुकूम झाला नाही म्हणे. आगबोटीत जयवंताने माझा हात धरला तो पलीकडचा किनारा दिसेपर्यंत सोडला नाही. समुद्र आपल्या हुसेनसागरासारखा गप पडलेला, पण तिला सांगणार कोण?

लंका कशी आहे विचारशील. सोनं बिलकुल नाही. नारळ आहेत आणि चहा आहे. हिरवं असं की डोळे धुतल्यासारखे होतात, आणि उकाडा असा की हवा हाताने बाजूला सारावी. माणसं हसरी. हिम्मतरावांनी पहिल्याच स्टेशनात एकाला थांबवून विचारलं, "रावण का महल किधर है?" त्या बिचाऱ्याने मोरी दाखवली. पाट्या सगळ्या इंग्रजीत, नाहीतर जिलेबीसारख्या अक्षरांत. एकदा हिम्मतराव "चढो, चढो" म्हणून आम्हाला भलत्याच गाडीत घालत होते. विमलने पाटी वाचली आणि सगळ्यांना खाली ओढलं. मी बालबोध दुसरीपर्यंत शिकलेली, मला पाटी म्हणजे नुसती फळी. पोरीकडे बघतच राहिले.

वर डोंगरात ओढ्याकाठी सीतामाईची जागा आहे. तिथं मात्र थंडी. आम्ही बायकांनी इथून खण-नारळ नेलेला. नारळाच्या मुलखात हैदराबादेहून नारळ, म्हणून विमल हसून हसून बेजार. मी म्हटलं, हस खुशाल. इतकी दूर राहिली ती, माहेरचा एक तरी नारळ येऊ दे तिच्या ओटीत. मग तीच पोरगी डोळे पुसत होती.

आता खरी गोष्ट. बसून वाच.

कँडी गावात आम्ही धर्मशाळेत उतरलो. शेजारी तिकिरी मास्तरांचं घर. नाव पुष्कळ लांब आहे, माझ्या तोंडात एवढंच मावतं. बायको मेणिकेबाई. मुलगा सेनारत्न, सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. राजाच्या जुन्या बागेत झाडांना नावांच्या पाट्या लावायची नोकरी. त्याने आम्हाला बाग दाखवली. चार तास एकेका झाडाचं नाव सांगत होता आणि विमल मराठीत सांगत होती. निघायच्या दिवशी तिघं अंगणात आले. मेणिकेबाईंनी विड्याच्या पानांची जुडी, वर सुपारी ठेवून, दोन्ही हातांनी, कमरेत वाकून माझ्या हातात दिली. विमल शेजारी उभी, मुलगा समोर उभा. आणखी काय व्हायचं राहिलं? आपल्यात पाच माणसांत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. इथं तर अठरा माणसं. बाकीच्यांनाही एकेक जुडी दिली, साक्षीदार म्हणून. रीतीला अगदी चोख लोक.

मी घेतली, भामे. सुपारी हातात घेतली म्हणजे शब्द दिला.

तेव्हा तुझ्या नांदेडच्या एकनाथरावांना आमचा नकार कळव. त्यांचा उमाजी मुलगा चांगला असेल, पण त्यांना लग्न मार्गशीर्षातच हवं आणि विमलने बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडायला हवं. बाळकृष्ण होकार द्यायच्या बेतात होता. आता सुपारीचं ऐकून नुसता म्हणाला, "आधी माझी यादी लागू दे, मी कुठल्या राज्यात आहे ते कळू दे." विमलला विचारलं तर खाली मान घालून हसली. लाजली गं.

तुझी अक्का


नांदेड
८ नोव्हेंबर १९५६

अक्का,

तुझं पत्र परराज्यातून आलं. आम्ही एक तारखेपासून मुंबई राज्यात आहोत. तू आंध्रात. आणि पोरगी लंकेत. एवढंच राहिलं होतं.

अगं, तुला लाडू दिला तर जेवणाचं निमंत्रण समजतेस, आणि सुपारी दिली तर लग्न! जात विचारलीस? पत्रिका पाहिलीस? ते लोक रावणाचे कोण लागतात एवढं तरी विचारायचंस. आपण दर दसऱ्याला त्याला मारतो आणि तू तिथं सोयरीक करून आलीस. मुलाची नोकरी काय, तर झाडांना पाट्या लावणं. झाडं काय पत्ता विसरतात?

आणि हे ऐक. काल हळदीकुंकवाला हिम्मतरावांची वहिनी भेटली. तिचा दीर कळवतो की त्याच्या भाचीचं लंकेत ठरलं. मुलगा बागेत नोकरीला, कँडी गावचा, आईने दोन्ही हातांनी सुपारी दिली. मी विचारलं, मुलगा एकच का गं? तर म्हणते, साक्षीदार पुष्कळ होते, त्यांत तुमच्या मालनबाईही होत्या.

तू साक्षीदार आहेस, अक्का. आधी चौकशी कर.

एकनाथरावांच्या निरोपाचं मी बघते.

भामा


बरकतपुरा
१७ नोव्हेंबर १९५६

भामे,

चौकशी केली. न करते तर बरं होतं.

मी जयवंताकडे गेले आणि सरळ विचारलं, "तुला लंकेत पानं कशाची दिली गं?" ती गालात हसली. "माझ्या धाकटीची सुपारी की. तुम्ही होतात ना साक्षीला!" मग नल्लकुंट्याला नामदेवरावांकडे गेले. तिथं नातीची सुपारी. लक्ष्मणरावांच्या घरी मेव्हणीची. एकूण सात घरी उपवर मुली आणि सातही घरी सुपारी देव्हाऱ्यात ठेवलेली. उरलेले चौघे खरोखर साक्षीदार निघाले, त्यांच्या घरी मुलीच नाहीत.

मग काय भांडण म्हणतेस! जयवंता मला म्हणाली, "तुमची नात चार तास त्याच्या कानाशी बोलत होती, म्हणून मुलगा तुमचा का?" मी म्हटलं, "ती झाडांची नावं सांगत होती. तुझी धाकटी तर लंका कुठं आहे तेही सांगायची नाही." तेव्हापासून बोलणं बंद. दूधवाली गौरम्मा सगळ्या घरांत जाते, तीच इकडचे टोमणे तिकडे पोचवते. रोज दारात उभी राहून विचारते, "एमम्मा, पेळ्ळी कुदिरिंदा?" लग्न जमलं का म्हणे. मी म्हणते, जमलंय, पण कुणाचं ते ठरायचंय.

शेवटी हिम्मतरावांनी पंचायत बोलावली. म्हणाले, सरकार अख्ख्या राज्याची वाटणी करतं, तर एका नवरदेवाची काय मोठी गोष्ट? जशी नोकरांची वाटणी होते तशी करू. प्रत्येक घराने अर्ज द्यायचा. मुलीचं वय, शिक्षण, आणि सुपारी किती वाजता हाती आली ते लिहायचं. सेवाज्येष्ठतेने यादी लागेल. लक्ष्मणराव म्हणाले, "सेवा कुणाची?" हिम्मतराव म्हणाले, "मुद्दा पुढे पाहू." बाळकृष्णाला तपासायला बसवलं. तो तसाच कचेरीतून आलेला, दिवसभर एक टेबल तीन राज्यांत वाटून. यादी वाचून म्हणाला, "नवरदेवाचा विकल्प घेतलाय का? कुठं जायचं ते आम्हा नोकरांनाही विचारतात." हे कुणाला सुचलंच नव्हतं. मग ठरलं, अखेरचा निर्णय वरच्या सरकारकडे, म्हणजे मेणिकेबाईंकडे.

आणि त्याही येताहेत! सेनारत्नचं पत्र आलंय. यंदा बुद्धाची अडीच हजार वर्षं झाली, म्हणून तिकडची माणसं जत्रेला इकडे येताहेत. तिघं नागार्जुनकोंड्याला जुने दगड बघायला जाणार, वाटेत दोन डिसेंबरला आपल्याकडे. विमलने पत्र वाचून दाखवलं. मध्येच थांबली, तोंडाला पदर लावला, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "काय लिहिलंय गं?" म्हणाली, "काही नाही आजी, विड्याची पानं तिकडूनच आणतो म्हणाले." इतकी लाजते पोर.

एक सांगते तुलाच. पहाटे उठते तर ती दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसलेली असते. ओठ हलत असतात. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण चहा देऊन तिथंच बसते. लंकेला गेली तर शेवटचं वर्ष तिथून कसं देईल, हे मी त्या गडबडीत बघितलंच नाही बघ. मेणिकेबाईंना सांगणार आहे, लग्न इम्तिहान झाल्यावर. मास्तरांचं घर आहे, ऐकतील.

अक्का


नांदेड
२४ नोव्हेंबर १९५६

अक्का,

रागावू नकोस. तुझा नकार मी एकनाथरावांना सांगितलाच नाही. वाटलं, लंकेचं खूळ चार दिवसांत उतरेल, चांगलं स्थळ हातचं कशाला घालवा? आता त्यांनीच निरोप पाठवला. दोन तारखेला सकाळच्या गाडीने काचीगुड्याला उतरतील, साडी घेऊन. बाळकृष्णाकडून हो म्हणवून घेतल्याशिवाय उठणार नाहीत. म्हणतात, बी.ए.ची बायको काय चुलीला इंग्रजी शिकवणार?

माझे गुडघे धरलेत, नाहीतर मीच आले असते. दोन्ही व्याही एकाच दिवशी तुझ्या दारात. सांभाळ.

भामा


बरकतपुरा
६ डिसेंबर १९५६

भामे,

तुझ्यावर रागवायला फुरसतच झाली नाही. लिहिते सगळं, क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

दोन तारखेला आठ वाजता एकनाथराव ओट्यावर येऊन बसले. मांडीवर साडीचा पुडा. चहा घेतला, बाळकृष्णाला म्हणाले, "हं, बोला." बाळकृष्ण म्हणाला, "माझी यादी अजून..." ते म्हणाले, "यादी तुमची लागेल तेव्हा लागेल, मुहूर्त माझा लागलाय." मग आंघोळीला मागच्या न्हाणीत गेले. जाताना बजावून गेले, बाहेर येईन तेव्हा होकार तयार ठेवा.

तेवढ्यात पाहुणे आले. नामपल्लीच्या स्टेशनावर सात घरची माणसं सात हार घेऊन गेलेली. सेनारत्न रिक्षातून उतरला तर नुसती झेंडूची रास चालत यावी तसा. मागे हिम्मतराव यादी घेऊन. वयाने मी मोठी, म्हणून पहिला चहा माझ्याकडे ठरलेला. अंगणात सात घरं उभी. जयवंता माझ्याशी बोलत नव्हती, तरी माझ्याच शेजारी उभी राहिली.

मेणिकेबाईंनी टोपली उघडली. पानांच्या जुड्या. हिम्मतरावांनी पेन काढलं.

पहिली जुडी मला दिली. दोन्ही हात, वाकून. मी जयवंताकडे बघितलं. दुसरी जयवंताला. मग हिम्मतरावांना, नामदेवरावांना. बरं, तेही समजू. मग बाळकृष्णाला. मग फाटकात गौरम्मा दुधाची चरवी घेऊन उभी होती, तिला. तश्शीच, दोन्ही हातांनी, तितकंच वाकून. आणि मग रिक्षावाल्याला! त्याने घाईने हात लुंगीला पुसले आणि घेतली.

हिम्मतराव आधी रिक्षावाल्याच्या हातातल्या जुडीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या. दोन्ही अगदी सारख्या. गौरम्मानेच विचारलं, "अम्मा, माझं कुणाशी जमवलं?" आणि दाराआड विमल जी हसली, ती पोट धरून खालीच बसली.

मी तिला हाताला धरून आत ओढलं. "काय गं हे?"

"आजी, ही त्यांची रामराम करायची रीत आहे. येणाऱ्याला पानं देतात, जाणाऱ्याला देतात. सेनारत्नने मला कँडीतच सांगितलं होतं."

"आणि तू बोलली नाहीस? दीड महिना?"

"तू किती खुश होतीस. सगळ्या बरकतपुऱ्यात मिरवत होतीस." मग हसू गेलं तिचं. "आणि नांदेडला नकार तूच पाठवत होतीस, आजी. माझं कुणी ऐकलं असतं का? परीक्षेपर्यंत अजून चारच महिने हवेत मला."

भामे, मला राग यायला हवा होता. आला नाही. मला ती स्टेशनातली पाटी आठवली. अठरा माणसं डोळे असून आंधळी, आणि ही एकटी वाचणारी. तिला मी काय सांगणार, पुस्तक मिट म्हणून? मी म्हटलं, "ऊठ. चहा टाक. नांदेडचं मी बघते."

बाहेर आले तर हिम्मतरावांनी यादीवर आडवी रेघ मारलेली. "मुकदमा खारिज," म्हणाले, आणि सेनारत्नच्या गळ्यातला आपला हार नीट केला. जयवंता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती का रडत होती, मला अजून कळलं नाही. पण बोलणं सुरू झालं.

आणि तेवढ्यात एकनाथराव न्हाणीतून आले. धोतर नवं, कपाळाला गंध. मागचं काहीच बघितलेलं नाही. मेणिकेबाईंनी नवा माणूस बघितला, टोपलीतली शेवटची जुडी काढली, वर सुपारी ठेवली, दोन्ही हातांनी, कमरेत वाकून पुढे केली. मास्तरही वाकले. मुलगाही वाकला, गळ्यात सात हार.

एकनाथराव दगडासारखे उभे. मग हळूच विचारतात मला, "ही कोण मंडळी?"

"लंकेची. मास्तर आहेत."

"मुलगा बिनलग्नाचा?"

"हो, पण..."

"माझ्या पद्मावतीबद्दल यांना कुणी सांगितलं?" आणि घेतली की सुपारी! डोळे भरून आले त्यांचे. तुला माहीतच आहे, त्यांची लेक तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसलीय.

मी लपवलं नाही, भामे. देवासमोर सांगते. त्यांना ओट्यावर बसवलं आणि सगळं फोडून सांगितलं. ही सुपारी नाही, हा त्यांचा रामराम आहे, आम्ही सातही घरं फसलो. बघा, दूधवालीच्या हातातसुद्धा आहे. आणि दुसरंही सांगितलं. तुमच्यापर्यंत न पोचलेला आमचा नकार त्या सुपारीमुळे होता, ती तर खोटी निघाली. पण नकार खरा आहे आणि तो आता माझा आहे. विमल परीक्षा देणार. त्याआधी मी तिचं कुणाशी बोलणार नाही.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं आजारी माणसाकडे बघतात. "मालनबाई, तुमचं फिसकटलं, मला वाईट वाटतं. पण म्हणून दुसऱ्याचं मोडू नये. दूधवाली साक्षीला आहे, मी समजलो."

"अहो, रिक्षावाला..."

"तोही साक्षीला. चोख माणसं आहेत."

आता पुढचं ऐक. म्हणाले, घरच्या लेकीचं ठरलं की तिला उजवल्याशिवाय सून आणायची नाही, ही त्यांच्या घराची रीत. तेव्हा उमाजीचं लग्न यंदा बंद. साडीचा पुडा परत पिशवीत घातला. मग विमलला बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, नीट अभ्यास कर. बी.ए. झालंच पाहिजे. व्याह्यांशी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत होणार, आमच्याकडे लिहिणारं कोण आहे?" बाळकृष्णाच्या हातातला चहा सांडला. तो होकार देणार होता की नकार, ते आता त्यालाही आठवत नाही. त्याची यादी अजून लागलेली नाही.

तेव्हा तू एकदा जाऊन एकनाथरावांना समजाव. माझं ऐकत नाहीत. पद्मावतीच्या जिवाला उगाच घोर नको. पण तिला माझा निरोप दे, या खेपेला ती पास होईल. आणि गणित अडलं तर विमलला लिही म्हणावं.

पाहुणे दोन दिवस राहिले. सातही घरी जेवले. गौरम्माने त्यांना गोंगुऱ्याची, आपल्या अंबाडीची, चटणी खाऊ घातली, सेनारत्नच्या डोळ्यांतून धारा, तरी आणखी मागत होता. तिच्या दारातल्या झाडाला त्याने एक पाटी लावून दिली. चार तारखेला नागार्जुनकोंड्याला निघाले, तर सोडायला सगळी गल्ली. हिम्मतरावांनी नावं पुकारली.

विमलचा शेवटचा पेपर रामनवमीच्या आदल्या दिवशी आहे. मी आत्ताच देवाजवळ नारळ काढून ठेवलाय. पाहुणे परत येतो म्हणालेत वैशाखी पौर्णिमेला.

तुझी अक्का